किटलीचा प्लग

बर्फचौकीत प्लग एकच. कॉम्प्युटरचं अपग्रेड अर्ध्यावर आलं असताना मी अँटेनावरचा बर्फ झाडायला छपरावर चढले, आणि नेमका तेव्हाच बर्फ उपसणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आत आला. आमचे चौकीप्रमुख ताश्तानबेक, आमचे बाइके, म्हणजे थोरले दादा, अगदी देवमाणूस. पाहुणा आला तसा त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग उपटला आणि किटलीचा खुपसला. मी खाली उतरून ओरडलेच.

"पाहुण्याला कोरडा बसवू, जिपारा? पाच मिनिटांचा तर प्रश्न!"

"कोरडाच बसवायचा होता, बाइके! आता बसा हात चोळत."

ड्रायव्हर चहा पिऊन गेला. स्क्रीन काळीच. यंत्राला झोपेतून उठवणारा पहिला तुकडा, बूटलोडर, अर्धवट लिहिला गेला होता. तो नाही तर वरच्या उतारावरचा बर्फ कोसळेल का हे सांगणारे आकडे नाहीत, आणि आकड्यांशिवाय घाटाचं फाटक उघडायचं नाही. आणि दोनशे पावलं खाली, फाटकापाशी रुग्णगाडी उभी होती. आत बाइकेंची लेक बुरुलाय, सकाळपासून कळा सुरू. इस्पितळ घाटापलीकडे.

वॉकीटॉकीवर रुग्णगाडीचा ड्रायव्हर खरखरला. "बाइके, उघडताय का? नाहीतर मीच उचलतो फाटक."

"दहा मिनिटं दे," बाइके म्हणाले आणि माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"मागे उभे राहू नका, चुकेल माझं."

पेन ड्राइव्हवरून यंत्र कसंबसं उठवलं. समोर दोन डिस्क. एकीवर सिस्टिम, दुसरीवर उताराची सगळी मोजमापं. बूटलोडर लिहायचा हुकूम टाइप केला, बोट एंटरवर नेलं आणि तिथेच थांबवलं. मी मोजमापांचीच डिस्क निवडली होती! खोडलं. पुन्हा लिहिलं. तीनदा वाचलं, मग दाबलं.

यंत्र बंद होऊन चालू होऊ लागलं. बाइकेंनी तळवे उघडून काहीतरी पुटपुटलं आणि चेहऱ्यावरून फिरवले. मीही फिरवले.

आकडे आले. वरच्या उताराची ओळ लाल.

"लाल म्हणजे लालच ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, बाइके."

त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "फाटक उघडायचं नाही. हात लावलास तर याद राख."

पलीकडून बुरुलायचा आवाज आला. "अताके, नाही सोसवत हो."

"मी येतोय, पोरी. नर्सला सांग, बाळंतपण इथेच करायचं."

मघाशी त्यांच्यावर ओरडले होते, त्याची मला लाज वाटली. त्यांनी किटली भरली. हात प्लगपर्यंत गेला आणि थांबला.

"गरम पाणी लागेल. काढू का?"

मी आधी यंत्र रीतसर बंद केलं. "काढा."

पाणी उकळायला लागलं तेवढ्यात वरून गडगडाट झाला आणि भिंती हादरल्या. खिडकीतून पाहिलं तर फाटकापलीकडे घाटाचा रस्ता नव्हताच, नुसता बर्फ; अलीकडे रुग्णगाडी तशीच उभी. बाइकेंनी तिकडे एकदा पाहिलं, किटली गोधडीत गुंडाळली आणि खाली पळत सुटले.