पुढची खोली संग्रहालयात आहे

इडवल रीस मंगळवारी गेले. आमच्या कुमबेरन या कोळशाच्या खाणीच्या गावात माणूस गेला की शवपेटी तीन दिवस घराच्या पुढच्या खोलीत ठेवतात. एरवी त्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही. पाद्री आले तर बसतात, तेही खुर्चीच्या कडेवर. इडवलच्या बाबतीत अडचण एवढीच होती, की त्यांची पुढची खोली त्यांच्या बायकोने, ऑलवेन आंटींनी, दोन वर्षांपूर्वी संग्रहालयाला देऊन टाकली होती.

खोली म्हणजे अख्खी खोली, भिंतीच्या कागदासकट. साठ वर्षांत कुणी न वापरल्यामुळे ती इतकी कोरी होती की आमच्या संग्रहालयाच्या मुख्य मायनिर प्रॉसर तिला पाहून रडल्या होत्या. फक्त खिडकी आणता आली नाही, म्हणून भिंतीवर रंगवून घेतली आणि तिला घरचे पडदे लावले. तिच्यातून डोंगर दिसतो. खऱ्या खिडकीतून समोरच्या मिसेस पोवेल दिसायच्या.

मी तिथे तिकिटं देतो. बुधवारी दार उघडलं तर ऑलवेन आंटी काळ्या कपड्यांत उभ्या.

"इडवल आलाय," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"गाडीत. तू खोलीपुढची दोरी काढ."

मायनिर धावत आल्या. "आंटी, हे संग्रहालय आहे. इथे मेलेलं माणूस ठेवता येत नाही."

"मग वरच्या मजल्यावर तो रोमन सांगाडा काय विश्रांती घेतोय?"

"त्याची नोंद आहे!"

"याचीही कर."

"घरी स्वयंपाकघरात ठेवलं तर..."

"स्वयंपाकघरात? बटाट्यांशेजारी? अगं मायनिर, मिसेस पोवेलच्या नवऱ्यालासुद्धा तीन दिवस पुढच्या खोलीत ठेवलं होतं. संप फोडून कामावर गेलेला माणूस तो! आणि माझा इडवल त्या संपात वर्षभर एक दिवस खाणीत उतरला नाही, त्याला बटाट्यांशेजारी? गल्लीत तोंड कसं दाखवू मी?"

मायनिरचे वडीलही त्या संपात होते. मग त्यांनी खणातून 'तात्पुरती उसनी वस्तू' असा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला.

वस्तूचे वर्णन, या रकान्यात मी 'इडवल' लिहिलं. साहित्य? मी आंटींकडे पाहिलं.

"ओक. कड्या पितळी."

"सध्याची स्थिती?"

"गुडघे सोडले तर उत्तम."

परत करण्याची तारीख शुक्रवार टाकली. आंटींनी सही केली, पेटी खोलीत ठेवून झाकण उघडायला लावलं आणि रंगवलेल्या खिडकीचे पडदे ओढून घेतले.

गुरुवारी शाळेची सहल आली. बाईंनी मुलांना सांगितलं, बघा किती हुबेहूब केलंय. एका पोरीने विचारलं, हे आजोबा उठतात का?

"रविवारी चर्चलासुद्धा नाही उठायचे," आंटी म्हणाल्या.

दुपारी बाहेरगावचं एक जोडपं आलं. त्यातल्या बाईंना आंटींचा काळा पोशाख फार आवडला. "तुम्ही हे रोज करता का हो?"

"नाही," आंटी म्हणाल्या. "एकदाच."

शुक्रवारी गायकमंडळ आलं. पूर्वी साठ जण होते, आता अकरा, त्यातले चार नुसतेच ओठ हलवतात. गाणं झाल्यावर सहा जणांनी पेटी उचलली. आमच्याकडे स्मशानात पुरुषच जातात, त्यामुळे आंटींना दारापर्यंतच सोबत करायची होती. पण दाराकडे जाणारी वाट खाणकामगारांच्या दालनातून जाते. तिथे प्लास्टरचे नऊ खाणकामगार उभे आहेत, कुदळी वगैरे घेऊन.

आंटी थांबल्या. मागे पेटीही थांबली.

"टोप्या," आंटी म्हणाल्या.

"काय?"

"पेटी चाललीये आणि हे नऊ जण टोप्या घालून उभे!"

"आंटी, ते प्लास्टरचे आहेत," मी म्हटलं. "टोप्या चिकटवल्यात."

"काढा. मी थांबते."

"आम्ही नाही थांबू शकत," पेटीखालून आवाज आला. "ऑलवेन, इडवलचं वजन तुला माहीतच आहे!"

मी मायनिरकडे पाहिलं. पुतळ्यांना कुणी साधं बोट लावलं तरी त्या त्याला बाहेर काढायच्या. आता त्या स्वतः टेबलाकडे गेल्या, कागद कापायची सुरी घेऊन आल्या आणि पहिल्याची टोपी सोडवू लागल्या. दुसऱ्याची मी धरून ओढली. सहा जण घाम पुसता येत नाही म्हणून कुरकुरत उभे होते. पाचव्याच्या टोपीबरोबर केसही निघाले.

मायनिर हातातल्या केसांकडे बघत राहिल्या.

"असू दे गं," आंटी म्हणाल्या. "मनापासून काढली त्याने."

नववी टोपी निघाली. आंटींनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मान डोलावली. पेटी पुढे सरकली.