माळ बेंबीपर्यंत आली होती

माझ्या मुलाचं, हितेशचं लग्न झालं ते साल एकवीसचं. कोरोनामुळे मांडवात घरचीच माणसं होती. लग्न उरकलं आणि माझ्या मालकांनी गुळवेल घ्यायला सुरुवात केली. आमच्या गावी, कामणला, विहिरीजवळच्या कडुनिंबावर अंगठ्याएवढा जाड वेल चढला होता. रोज सकाळी त्याचा तुकडा कापायचा, ठेचायचा, उकळायचा आणि उपाशीपोटी प्यायचा. पूर्वी आमच्यात ताप आला की गुळवेल देत आणि ताप गेला की बंद करत. त्या वर्षी घरात ताप कुणालाच नव्हता. भीती मात्र सगळ्यांना होती.

आषाढात त्यांना अन्न नकोसं झालं. अंग खाजायचं. एका सकाळी तोंड धुताना पाहिलं तर डोळे हळदीसारखे पिवळे.

“कावीळ हाय. घाबरतेस काय? काविळीवर गुळवेलच देतात,” ते म्हणाले आणि काढा दुप्पट केला.

माझी नणंद कमळी चिंचोटीहून आली. ती काविळीची माळ घालते. तिने काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून भावाच्या डोक्यावर कडं ठेवलं. ही माळ वाढत वाढत खाली येते, तशी कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात.

माळ खरंच वाढली. गळ्यात आली, मग छातीवर.

“बघ वयनी, दादा कसा नवरा दिसतो. परत लगीन लावू त्याचं!”

“लाव, पन बायको दुसरी बघ,” ते म्हणाले.

सगळे हसले. मी त्यांचे डोळे बघत होते. ते आणखी पिवळे झाले होते.

दवाखान्याचं नाव काढलं की ते चिडत. माळ असताना वेस ओलांडायची नाही, आणि ती आपोआप गळायच्या आधी तोडली तर कावीळ उलटते. “मारायचंय का मला?” असं विचारत. मला माळ तोडायचीही भीती वाटे आणि ठेवायचीही.

माळ बेंबीपर्यंत आली त्या दुपारी ते ओटीवर काढा ओतत बसले होते. पेला बाजूला, काढा जमिनीवर. टोप रिकामा झाला तरी हात तसाच वाकडा. मी हाक मारली. त्यांनी वर पाहिलं.

“तुमी कोनाकडे आलात?”

हितेश सातिवलीला कामावर होता. त्याला फोन केला, “गाडी घेऊन ये.”

“बाबा तयार झाले?”

“त्यांना आता विचारायचं नाही.”

मी विळी पुढे ओढली. कमळीने माझा हात धरला. “वयनी, नको! माझा भाऊ जाईल!”

मी तिचा हात झटकला आणि दोरा कापला. हितेशने त्यांना गाडीत घातलं आणि आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, “औषधं कोणती चालू होती?”

“औषध काही नाही. गुळवेल फक्त.”

“रोज?”

“हितेशच्या लग्नापासून.”

डॉक्टर म्हणाले, “ती सगळ्यांनाच सोसते असं नाही, मावशी. काहींच्या यकृताला इजा होते. डोळे पिवळे झाले त्याच दिवशी बंद करून इथे यायला हवं होतं.”

“आता बंद केली तर?” हितेशने विचारलं.

“आम्ही प्रयत्न करतो,” एवढंच ते म्हणाले.

बाहेर बाकावर कमळी माझ्यापासून लांब बसली होती. माळ तोडली म्हणून झालं, असं ती अजूनही म्हणते.

माझे मालक धर्मा दोन हजार एकवीस साली, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी वारले.