पक्कड आणि दुसरी सही

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत प्रत्येक कार्डावर दोन सह्या लागत. डाव्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याची, उजव्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची. माझी कार्डं दाजी तपासत, दाजींची मी. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. टेबलाला टेबल लावून आम्ही अकरा वर्षं बसलो.

‘प्लायेबल’ हा इंग्रजी शब्द माझ्या वाट्याला आला. अर्थ सोपा होता: सहज वाकणारा, आणि माणूस असेल तर चटकन दुसऱ्याच्या म्हणण्यात येणारा. पंचाईत उगमाची होती. साहेबांनी एका भाषणात सांगून टाकलं होतं की प्लायर म्हणजे पक्कड, आणि पकडीने वाकतं ते प्लायेबल. टाळ्याही पडल्या होत्या. खरं तर घडी घालणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि त्यातून हा शब्द झाला. प्लायर त्याच घराण्यातली, पण मागाहून जन्मलेली. धाकट्या बहिणीला आई म्हणण्यातला प्रकार.

मी तसं कार्ड लिहिलं. दाजींनी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि सही ठोकली. साहेब चिडले तर दोघं मिळून आत जाऊ म्हणाले, मी आहे ना.

साहेब चिडले. आम्ही आत गेलो. कार्ड वर धरून त्यांनी विचारलं, ही दुसरी सही कोणाची? दाजींनी चष्मा पुसून कार्डाकडे असं पाहिलं, जणू ते चुकून त्यांच्या पत्त्यावर आलेलं टपाल होतं.

“सही माझीच आहे साहेब,” ते म्हणाले. “पण मेहुण्याचं कार्ड, म्हणून न वाचताच केली.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. ते पंख्याकडे. पंखा बंद होता.

दुपारी दाजी नवं कार्ड घेऊन माझ्याकडे आले. त्यात पक्कड होती, सुवाच्य अक्षरात. डावीकडे त्यांची सही.

“उजवीकडे तुझी हवी रे,” ते हळूच म्हणाले. “साहेबांनी तुझीच सांगितलीय. मनात धरू नकोस, घरातली गोष्ट आहे.”

मी सावकाश वाचलं.

“वाचलं, दाजी,” म्हटलं. “आता सही कशी करू?”

मग मी माझं टेबल ओढत खिडकीपाशी नेलं. आवाज फार झाला. कोणी मान वर केली नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. एका शब्दापायी एवढं काय रे, म्हणाली, ते चहासुद्धा प्यायले नाहीत. शब्दाचं काही नाही गं, असं ओठांवर आलं होतं. पण तिला त्यांच्याबरोबर संसार करायचा होता.

“खिडकीपाशी उजेड बरा आहे,” मी सांगितलं.