रथामागचा माग

मल्लेशमनं मागावरची चादर उचलली आणि त्याचा हात तसाच राहिला. काल संध्याकाळी त्यानंच झाकलेला माग होता तो. फणीतून वीतभर बाहेर आलेले गेल्या वर्षीचे जुने दोरे होते, टोकाला मळलेले, आणि आज रथाच्या दिवशी सकाळी त्यांना उभ्या दोऱ्यांचा नवा ताणा जोडायचा होता. आता ते दोरे नव्हते. त्यांच्या जागी पक्षाच्या झेंड्याच्या रंगाचा कोरा ताणा चढला होता, वर चार बोटं कापडही विणून ठेवलं होतं.

"निंगप्पा, हे कुणी केलं?"

निंगप्पा मंडपवाला ट्रॉलीच्या कडेला झालर ठोकत होता. त्यानं तोंडातले खिळे काढून तळहातावर घेतले.

"दादानं कारखान्यातनं मानूस आनला हुता की, काका. जुनं लई मळकं दिसतंय म्हनले. फोटोत येतंय न्हवं सगळं."

"आणि जुने दोरे?"

निंगप्पानं हनुवटीनं खाली दाखवलं. ट्रॉलीच्या चाकापाशी झेंडूचे देठ, चहाचे कागदी कप आणि सुतळीचे तुकडे झाडून एका ढिगात लोटले होते. मल्लेशम गुडघा धरत खाली उतरला. बहात्तराव्या वर्षी ट्रॉलीवरून उतरणं म्हणजे एक कामच होतं. त्यानं ढीग उपसला, दोऱ्यांचा झुबका बाहेर काढला, दोनदा झटकला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. निंगप्पाला काही बोलण्यात अर्थ नव्हता. त्याला काय माहीत.

पण विणकराच्या घरात जन्मलेल्या पोराला हे सांगावं लागतं का? विणलेलं कापड कापून घेतात, मागं उरलेले दोरे फणीत तसेच ठेवतात आणि नवा ताणा त्यांनाच गाठींनी जोडतात. मागावरून सगळंच्या सगळं कधी कुणी उतरवत नाही. माग मोडीत काढायचा असेल तर गोष्ट वेगळी.

मल्लेशमचा बाप करीमनगरकडच्या खेड्यातून सोलापुरात आला तेव्हा त्याला माग आणता आला नाही. आणलं ते दोऱ्यांचं एक भेंडोळं, पंच्याच्या टोकाला बांधून. भवानी पेठेत दुसऱ्याच्या मागावर बसायला मिळालं, त्या दिवशी पहिला ताणा त्यानं त्या दोऱ्यांना जोडला. पुढं नारळी पौर्णिमेला विणकरांच्या देवाच्या, मार्कंडेयाच्या रथामागं ट्रॉलीवर माग न्यायचं ठरलं, त्यावर बसायचा मान त्याला मिळाला आणि ते दोरेही त्या मागावर गेले. बापानं एकोणीस वर्षं विणलं, मल्लेशमनं सव्वीस. वाटेत विणलेलं कापड देवाला, उरलेल्या दोऱ्यांना पुढच्या वर्षीचा ताणा. गावचा मूळ दोरा केव्हाच संपला असेल म्हणा. पण गाठीला गाठ लागत इथवर मधे काही तुटलं नव्हतं. ते ह्या शहाण्यानं एका कात्रीत तोडलं.

शहाणा नऊच्या सुमाराला आला. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात पक्षाचं उपरणं, मागं सात-आठ कार्यकर्ते. माजी नगरसेवक व्यंकटदादा, म्हणजे मल्लेशमचा पोरगा व्यंकटेश. तेलुगू आडनाव त्यानं बॅनरवरून केव्हाच उतरवलं होतं. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना त्याचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपला भूमिपुत्र'.

एक काळ होता, ह्याच पोरानं एकोणिसाव्या वर्षी पाण्यासाठी विड्या वळणाऱ्या साठ बायका महापालिकेच्या झोन कार्यालयासमोर बसवल्या होत्या. बायकांशी तेलुगूत बोलला, इंजिनिअरशी मराठीत आणि दारावरच्या शिपायाशी कानडीत. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. पुढं निवडणुकीत पेठेनं त्याला डोक्यावर घेतलं. राजव्वानं, म्हणजे त्याच्या आईनं, गल्लीत घरोघरी साखर वाटली आणि मल्लेशमनं आठ दिवस मागाला हात लावला नाही, नुसता फिरत राहिला. विणकराच्या पोरानं महापालिकेत खुर्ची मिळवली होती, साधी गोष्ट होती का ती?

मग दुसऱ्या खेपेला, सभागृहात पाण्यावरूनच वाद चालला होता, आणि कुणीतरी उठून म्हणालं की बाहेरून आलेल्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये. मल्लेशम त्या दिवशी वर गॅलरीत बसला होता. त्याची कानशिलं तापली. ह्या शहराच्या चादरी देशभर गेल्या, त्या विणल्या कुणी? आणि बाहेरचे आम्ही? आता पोरगं उठेल, ह्याला चांगला सोलून काढेल, असं वाटलं. पोरगं उठलंही. म्हणालं, "मी इथलाच आहे. माझा तिकडच्या लोकांशी काही संबंध नाही." खाली बाकं वाजली. मल्लेशम जिना उतरून चालत घरी आला.

त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून व्यंकटेश तेलुगू बोलला नाही. घरात आईनं तेलुगूत विचारलं तर हा मराठीत उत्तर देतो. लहानपणी बापाला 'नायना' म्हणून अरेतुरे करणारा आता 'बाबा, तुम्ही' म्हणतो. लोकांना वाटतं, किती संस्कारी पोरगा.

"बाबा, झालं का तुमचं?" व्यंकटेशनं विचारलं.

"दोरे का कापलेस?"

"अहो, ते जुनाट झालं होतं. ह्या वर्षी जरा वेगळं करायचंय." मग त्यानं बापाचा दंड धरला, कार्यकर्त्यांपासून चार पावलं बाजूला नेलं आणि आवाज खाली आणला. "पक्षाचे साहेब मधल्या चौकात येणार आहेत. तिकिटाचं आजच ठरतंय. विरोधकांनी त्यांच्या कानात भरलंय की हा बाहेरचा, ह्याला शहर स्वीकारणार नाही, आणि ह्याचा समाजही ह्याच्या मागं नाही. म्हणून मागावर मी बसणार. दोन्ही तोंडं बंद होतील."

"तू बसणार?"

"धोटा फेकता येतो मला. पायाखालच्या पावड्यांचं तेवढं जमत नाही. तिथं तुम्ही बसा."

"तिथं म्हणजे कुठं बे?"

व्यंकटेशनं दाखवलं. माग एका लाकडी चौथऱ्यावर चढवला होता. विणणारा वर बसायचा आणि त्याचे पाय खालच्या पोकळीत पावड्यांवर यायचे. त्या पोकळीत, झालरीच्या आड, पाट ठेवला होता. बापानं तिथं बसायचं आणि पोराच्या पायांशी हातानं पावड्या दाबायच्या.

मल्लेशमनं वाकून त्या पाटाकडं बघितलं. सकाळीच नवं जानवं घातलं होतं, ते सदऱ्याच्या आत घामानं अंगाला चिकटलं होतं. राजव्वा हातात नारळ घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"एक दिवसाचं आहे," ती तेलुगूत म्हणाली. "तिकीट गेलं तर पोरगं खचेल. बसा की."

"तुला लाज वाटत नाही?"

"वाटते," राजव्वा म्हणाली. "पण पोरगं आपलं आहे."

तो बसला. रथ हलला, ढोल सुरू झाले आणि ट्रॅक्टरनं ट्रॉली ओढली. पोकळीत उकाडा होता, डिझेलचा वास होता. झालरीच्या फटीतून रस्ता दिसत होता, आणि लोकांचे नुसते पाय. नाकासमोर व्यंकटेशचे पांढरे मोजे. वर आडवा दोरा घेऊन धोटा खट् करून जाई, की मल्लेशमनं डावी पावडी दाबायची. परत येई, की उजवी. पोराचा हात अगदीच वाईट नव्हता, लहानपणचं थोडं राहिलं होतं. त्याचाच मल्लेशमला जास्त संताप आला. येत होतं तर शिकायचं होतं नीट. ही चोरी कशाला?

"व्यंकटदादा स्वतः विणायलेत बघ," फटीबाहेर कुणीतरी म्हणालं. "बापाच्यासारखंच."

मधल्या चौकात ट्रॉली थांबली. स्टेजवर साहेब उभे होते, त्यांच्याभोवती मोबाइल वर धरलेले हात. भोंग्यावर निवेदक आधीच पेटला होता.

"बघा, सोलापूरकर, बघा! हा बाहेरचा नव्हे, हा ह्याच मातीतला! भूमिपुत्र व्यंकटदादा स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पायानं कापड विणतायत. ह्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ही कला चालत आलेली आहे!"

मल्लेशमनं पावडीवरून हात काढला.

वर धोटा अडला. पावडी दाबून ताण्याचे दोरे वरखाली झालेच नाहीत तर धोटा जाणार कुठून? व्यंकटेशनं पुन्हा ढकलून बघितला. मग मोज्यातला पाय हलला आणि बापाच्या खांद्याला हळूच लागला.

"बाबा, दाबा की. साहेब बघायलेत."

मल्लेशम हात मांडीवर ठेवून बसला. त्याला मोठी गंमत वाटत होती असं नव्हे. पोराचं तिकीट आपल्या ह्या दोन हातांखाली आहे, हे त्याला कळत होतं, आणि हात उचलवत नव्हते.

"बाबा."

भोंग्यावर निवेदकानं शब्द संपवले आणि तेच परत सुरू केले. व्यंकटेश मागावर ओणवा झाला. दोरा बघतोय असं दाखवत त्यानं डोकं दोन फळ्यांच्या मधे खाली आणलं. चेहरा घामानं निथळत होता.

"नायना," तो म्हणाला. "नायना, नी काल्मोक्ता."

तुझ्या पाया पडतो. आठ वर्षांनी पोराच्या तोंडून तेलुगू ऐकलं, ते हे. आणि म्हणत कोण होता, तर वर बसलेला, ज्याच्या मोज्यांशी बाप पाटावर बसला होता.

"मराठीत सांग बे," मल्लेशम म्हणाला. "तू इथला हाईस."

मल्लेशमनं खिशातून झुबका काढला, त्यातला एक दोरा सोडवला आणि फळ्यांच्या मधून वर धरला.

"हे बांध. कापडाच्या सुरुवातीला दशा सुटल्यात, त्यांना. मग हात चालंल माझा."

"आत्ता? देवळात गेल्यावर बांधतो. शपथ घेतो."

"आत्ता."

"सगळे?"

"एक बांध आधी."

व्यंकटेशनं दोरा घेतला. कापडाची कड मल्लेशमच्या डोक्यावरच होती, त्याला खालून सगळं दिसत होतं. पोरानं घाईघाईनं गाठ मारली, बुटाच्या नाडीला मारतात तशी. मल्लेशमनं हात वर करून ओढली. सुटली.

"पुन्हा."

भोंग्यावरून थोडी तांत्रिक अडचण आल्याचं सांगितलं गेलं. कुणीतरी गाणं लावलं. झालरीच्या बाहेरून एका कार्यकर्त्याचा आवाज आला, "दादा, साहेबांना होटगीला जायचंय, त्यांचा माणूस घाई करायलाय."

व्यंकटेश गाठीवरच वाकलेला होता. दोरा त्याच्या बोटांतून निसटत होता. गळ्यातलं उपरणं सारखं पुढं येत होतं, ते त्यानं मागं टाकलं, परत आलं, मग काढून बाजूला ठेवलं. मग त्यानं उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं. सात वर्षांचा असताना मल्लेशमनं त्याला तसं दाखवलं होतं. ओल्या बोटानं दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवायची, अंगठ्यानं दाबायची, एक फेरा मागून घ्यायचा. फेरा घेताना तो चुकला, थांबला, उलटा घेतला.

रस्त्यावर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, मग सायरन. मल्लेशमला फटीतून पाय हटताना दिसले आणि काळी गाडी गेली. व्यंकटेशची मान वर झाली होती. आता हा दोरा फेकून खाली उडी मारेल, गाडीमागं धावेल, असं मल्लेशमला वाटलं, आणि त्यानं त्याला अडवलंही नसतं.

मान खाली आली. मल्लेशमनं गाठ ओढून बघितली. ती बसली होती.

फळ्यांच्या मधून व्यंकटेशचा हात खाली आला, रिकामा, बोटं उघडलेली. मल्लेशम त्या हाताकडं बघत राहिला. त्याचा राग गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता. त्यानं झुबक्यातला दुसरा दोरा सोडवला आणि त्या हातावर ठेवला.