उलटा टांगलेला झगा

"श्वास आत घे," असं म्हणत मावशीने झग्याच्या पाठीवरच्या दोन्ही कडा चिमटीत धरून ओढल्या.

वरचे हूक बसले. कमरेजवळचे काही केल्या बसेनात. मधे बोटभर फट राहिली आणि तिच्यातून आतला पांढरा परकर डोकावू लागला.

"घेतला की! आणखी कुठे घेऊ, टाचांत?"

मावशीच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे तिला हसता आलं नाही. राणीने आरशात वळून स्वतःची पाठ बघितली. ती नाटकातली राणी. पण ही भूमिका ती इतकी वर्षं करत होती की कंपनीत तिला दुसऱ्या नावाने कोणी हाकच मारत नसे. ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा सामान भरताना ओरडायचा, "राणीसरकार, आपली पेटी आपणच उचला, गाडी सुटतेय!"

"फुगले की गं मी," राणी म्हणाली. "कालपर्यंत तर नीट बसत होता."

सांगायचं तर हीच वेळ होती. मावशीने ओठांतली एक टाचणी काढली, फटीवर निळ्या कापडाची पट्टी ठेवली आणि टाचली. दुसरी काढली, तीही टाचली.

"हं," एवढंच ती म्हणाली.

राणी फुगली नव्हती, झगाही आटला नव्हता. मावशीनेच तो आवळला होता.

झालं होतं असं. रविवारी या गावातला शेवटचा प्रयोग उरकला आणि मालक कपडेपटाच्या खोलीत आले. मालक म्हणजे कंपनीचे धनी, दिग्दर्शक आणि नाटकातले राजेसुद्धा. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "मावशी, पुढच्या गावापासून नवी मुलगी राणी करेल. हे तिचं माप. राणीला मी सांगतो, हे गाव सोडल्यावर. तोवर तुमच्या तोंडून ब्र निघायला नको."

"मग राणी काय करणार?"

"पहिल्या अंकात ती नवी नवरी असते हो. लोक हसतात आता. राजमाता करेल. नाहीतर... बघू."

मालकांचं 'बघू' कंपनीत सगळ्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या 'बघू'तून दोघंतिघं थेट आपापल्या घरी पोचले होते.

हातातलं काम पडून राहिलेलं मावशीला खपत नसे. तिने त्याच संध्याकाळी झग्याची कमर नव्या मापावर आत घेतली, इस्त्री केली आणि झगा पेटीत ठेवला. सकाळी उठून बघते तर नाट्यगृहाच्या दारावर जादा प्रयोगांची पाटी! लोकांनी आग्रह केला, नाट्यगृहही आठवडाभर मोकळं होतं, मालक कशाला नाही म्हणतील? त्याच दिवसापासून शनिवारपर्यंत रोज दुपारी प्रयोग. भरलेल्या पेट्या ट्रकमधून उतरेपर्यंत पहिल्याची वेळ झाली, शिवण सोडायला सवडच मिळाली नाही. नवी मुलगी अजून पोचायची होती आणि झगा होता एकच.

तो मखमलीचा झगा कंपनीइतकाच जुना. तसा निळा रंग आता मिळत नाही, म्हणून तोच जपून वापरायचा. मावशीने तो तीन राण्यांच्या अंगावर बसवला होता. शिवणीच्या आत जादा कापड राखलेलं असतं, त्याला शिंपीकामात माया म्हणतात. कोणी जाड आली की त्यातलं थोडं बाहेर सोडायचं, कोणी बारीक आली की आत घ्यायचं. बाहेरून काही दिसत नाही. आतल्या बाजूला मात्र जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी तशाच राहतात. मखमल सुईचं भोक विसरत नाही.

त्या जपणुकीसाठीच मावशीचा एक नियम होता. पडदा पडला की ज्याने त्याने आपला कपडा आपल्या हाताने उलटा करून दोरीवर टांगायचा, म्हणजे घाम वाळतो. मालक तो नियम रोज विसरत. नाटकातले प्रधान अंगरखा बोळा करून खुर्चीवर फेकत आणि रोज बोलणी खात. राणी मात्र कधी चुकली नव्हती.

त्या दुपारी प्रयोगानंतर सगळे जेवायला बसले. राणीने आपलं ताट प्रधानाकडे सरकवलं.

"काय हो, राज्य सोडलं का काय?" प्रधानाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तिचं अंडं उचललं.

"झगा बसेना माझा. आता चहावर राहणार."

"बरं झालं, प्रजेला तेवढंच जास्त मिळेल."

सगळे हसले. मालकही हसले आणि मान खाली घालून पाव मोडू लागले. मावशीने आपलं ताट तसंच मागे सारलं.

रात्रभर तिला एकच गोष्ट कुरतडत राहिली. शिवण पुन्हा सोडावी, तर झगा एका रात्रीत सैल कसा झाला? राणी विचारणारच. न सोडावी, तर पोरगी उपाशी मरते. सकाळी तिला एक तोड सुचली आणि त्या वेळी ती फार शहाणपणाची वाटली. तिने दोन्ही बाजूंची शिवण उसवली आणि अगदी गव्हाएवढी बाहेर घेऊन पुन्हा घातली. रोज थोडी थोडी सोडू, म्हणजे शेवटच्या प्रयोगापर्यंत झगा होता तसा होईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दुपारी एक हूक जास्त बसला.

"बघ!" राणी म्हणाली. "चहाचा गुण."

आणि तिने संध्याकाळचं जेवणही सोडलं.

इथे मावशीची खरी पंचाईत झाली. ती जितकी शिवण सोडी, तितकं राणीला उपाशी राहायला बळ येई. आणि न सोडावी, तर फट बघून राणी आणखी हट्टाला पेटे. ज्या दोऱ्याने गाठ सोडवायला गेली, त्यातच बोटं अडकली. तरी दुसऱ्या सकाळी तिने गव्हाएवढी शिवण सोडलीच. तिसऱ्या सकाळीही सोडली.

त्या दिवशी दुसऱ्या अंकात जिन्यावरून उतरताना राणीचा तोल गेला. तिने कठडा धरला आणि क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. प्रेक्षकांना वाटलं, काय हा अभिनय! टाळ्या पडल्या. आत आल्यावर मालक म्हणाले, "छान केलंस. उद्याही तसंच कर."

विंगेत उभ्या असलेल्या मावशीच्या हातातला फडका खाली पडला.

हूक काढताना राणी आरशातून तिच्याकडे बघत म्हणाली, "काय गं मावशी, तुला काय वाटतं? कशाने उतरले असेन मी?"

"वळ जरा इकडे," मावशी म्हणाली. आरशातून नजर चुकवायला पाठीमागे उभं राहणं सोयीचं असतं.

शनिवारी मात्र तिने मनाशी पक्कं केलं. पडदा वर जायच्या आधी सांगायचं. मालक रागावले तर रागावले. तिने डब्यात उकडलेली अंडी आणि पाव घेतला आणि रंगपटात गेली. राणी डोळे रंगवून तयार होती. मावशीने झगा चढवला. सगळे हूक एकामागून एक सहज बसले. आज टाचण्यांचं काहीच काम नव्हतं.

तरी तिने टाचण्यांच्या उशीतून दोन टाचण्या काढल्या आणि ओठांत धरल्या.

घंटा झाली. राणीने घोळ सावरला आणि निघून गेली.

प्रयोग संपला तेव्हा ऊन अजून कलायचं होतं. रंगमंचावर माणसं राजवाड्याचे खांब आडवे करत होती, मागच्या दारापाशी ट्रक लागला होता. मावशी डबा घेऊन रंगपटाच्या दारात आली आणि तिचा पाय उंबऱ्यातच थबकला.

राणीने आपले साधे कपडे घातले होते. झग्याच्या बाह्यांत हात घालून ती त्या एकेक बाहेर ओढत होती. मग तिने झगा उलटा करून दोरीवर टाकला आणि तळहाताने कमरेजवळची सुरकुती सारखी केली. खिडकीतून ऊन थेट शिवणीवर पडलं होतं. जुन्या दोऱ्याचा रंग उडालेला, नवा मावशीच्या दुसऱ्या रिळातला, चांगला चकचकीत. त्याच्या बाजूला भोकांच्या ओळी. जुन्या राण्यांच्या लांब लांब, आणि या आठवड्याच्या एकीला एक खेटून.

रोज तिने तो असाच टांगला होता. आपल्या हाताने. मावशीच्याच नियमाप्रमाणे.

"ती मुलगी उंच आहे का गं?" राणीने विचारलं.

"बेताची," मावशी म्हणाली.

"दुसऱ्या अंकातलं ते लांबलचक भाषण बसून आहे. तू आधी आवळला होतास तेवढा ठेवलास, तर दम पुरायचा नाही तिला. बोटभर सोड."

"राणी, मी तुला..."

"पहिल्याच दिवशी दिसलं मला." राणी तोंडावरचा रंग पुसू लागली. "म्हटलं, बघू तरी, त्या मापात बसते का मी. आणि तू रोज सोडत गेलीस. बसले असते की नसते, ते काही कळलं नाही."

बाहेर ड्रायव्हर कोणावर तरी ओरडला. राणीने फडका बाजूला ठेवला.

"तू माझं पहिलं माप घेतलंस तेव्हा मी याच स्टुलावर उभी होते, हात वर करून. तुला विचारलं होतं, मावशी, आधीच्या ताईंना माहीत आहे ना? आठवतं?"

मावशीला आठवत होतं. तेव्हाही ती 'हं' म्हणाली होती.

"ही मुलगीही विचारेल. तेव्हा हो म्हण. तोंडातल्या टाचण्या काढून म्हण."

मावशीचा हात ओठांकडे गेला. तिथे काही नव्हतं.

"डब्यात काय आहे?"

मावशीने झाकण उघडून डबा पुढे केला. राणी स्टुलावर बसली. तिने अंड्याचं कवच सावकाश सोललं, पाव मोडला आणि अर्धा मावशीच्या हातात दिला.

"घे. तूही आठवडाभर धड जेवली नाहीस, बघितलंय मी."

मावशी पेटीवर टेकली. तिने पावाचा तुकडा तोंडात घातला आणि समोर टांगलेल्या झग्याकडे बघत, तो न चावता तसाच धरून ठेवला.