मागच्या दाराचा दिवा

आमच्या घरात मासळी शिजत नाही. हे मी गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगत नसे, पण नारूभाईंची व्हॅन दुकानापुढे थांबली की माझ्या तोंडावर ते उमटायचंच. "आधी मागचं दार उघडा," मी लांबूनच ओरडायचो, "वास जाऊ द्या, मग बघतो." नारूभाई गुमान उतरून दार उघडायचे. पुढे जे झालं ते सगळं या एका सवयीतून झालं, आणि ती सवय माझी होती.

सरावलीला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. नारूभाई डहाणूच्या खाडीकाठचे. गुडघे गेल्यावर त्यांनी होडी सोडली आणि ही जुनी, मागून पत्र्याने बंद केलेली व्हॅन घेतली. गाडी ते चालवायचे, पण धंदा त्यांच्या बायकोचा, देवकीमावशीचा. रोज सकाळी पाट्या भरून तलासरी, झरी, पार वेवजीपर्यंत. मावशीने मासळी ताजी म्हटली की गिऱ्हाईक कल्ले उघडून बघत नसे, एवढा तिच्या शब्दाला मान. संध्याकाळी रिकाम्या पाट्या धुऊन गाडीत रचायची आणि मागचं दार लावायची तीच.

२०१६च्या दिवाळीनंतर गाडीला खोड लागली. चार दिवस ठणठणीत, पाचव्या सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक. बॅटरी उतरलेली. धक्का मारून सुरू करेपर्यंत मासळी उन्हात आणि बाजार निम्मा उठलेला. मी बॅटरी बदलली. डायनामो खोलला. अर्थिंगची वायर नवी टाकली. आठवड्याने नारूभाई पुन्हा दारात. मीटर लावला की करंट कुठेतरी जाताना दिसायचा, पण मी म्हणायचो, मागचं दार उघडं आहे, तिथला दिवा लागलाय, तेवढा जाणारच. दार उघडलं की दिवा लागतो, लावलं की विझतो. चौकटीत त्याचं बटण असतं. दार लावून मीटर बघायचा, एवढं साधं काम. पण दार लावलं तर सगळा वास पुढे, माझ्या नाकाशी. नाकाने कांदे सोलणारा मी, ते दार एकदाही लावलं नाही.

शेवटी माझं डोकं फिरलं. आपल्याला सापडत नाही हे कबूल करण्यापेक्षा दुसऱ्याला धरणं सोपं. "गाडीत काही नाही, नारूभाई," मी म्हणालो. "मावशी दार नीट लावत नाही. फट राहते, दिवा रात्रभर जळतो. बायकांच्या हातात गाडीचं दार दिलं की असंच होणार."

दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं हसली. मलाही बरं वाटलं.

नारूभाईंनी ते वाक्य घरी नेलं. त्यानंतर ज्या सकाळी गाडी मेली, त्या सकाळी खाडीवर सगळ्यांसमोर ते मावशीवर ओरडायचे. ती म्हणायची, "मी लावलं दार. हात लावून बघितलं." ते म्हणायचे, "मग काय दिपेशभाई खोटा?" दिपेशभाई म्हणजे मी. हे सगळं मला मागाहून कळलं, पण तेव्हा कळलं असतं तरी मी फार काही केलं असतं, असं नाही.

उन्हाळ्यात एकदा नारूभाईंचा फोन आला. आवाज खाली होता. "देवकी बोलते, दार लावला तरी दिवा चालूच राहते. काल दुपारी ती आत बसली, दार ओढून घेतला, नि डोळ्यानं बघितला."

मी मोठ्याने हसलो. "दार लावल्यावर दिवा कसा लागेल हो? आणि मावशीला एवढं कळतं, तर गाडी तिच्याकडूनच दुरुस्त करून घ्या!" पलीकडे नारूभाईही हसले. कसंनुसं, पण हसले. तेव्हा गाडी मागवून दार लावलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

त्या दिवसापासून मावशीने गाडीला हात लावला नाही. साठीला टेकलेली बाई, पाटी डोक्यावर घेऊन एसटीने जायला लागली. पावसाळ्यानंतर तलासरीच्या स्टँडवर उतरताना तिची पायरी चुकली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण बाजार कायमचा सुटला. हाड काही मी मोडलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पटलं नाही.

जानेवारीत नारूभाई गाडी घेऊन आले. विकायची होती, आणि सुरूच न होणारी गाडी कोण घेणार? उन्हाळ्यापासून तिच्यात मासळी गेली नव्हती. धुऊन, फिनेल मारून वास पार गेलेला. म्हणून मी पहिल्यांदाच मागे चढलो आणि वायरी बघायला बसलो. रस्त्याची धूळ आत येत होती, तर दार ओढून घेतलं. ते खट्कन लागलं.

दिवा जळतच होता.

मी दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग बटण उपसून काढलं. ओल्या पाट्यांचं खारं पाणी त्यात मुरलं होतं. मिठाचा थर धरून ते आतल्या आत पत्र्याला चिकटलं होतं. कधी सुटायचं, कधी चिकटायचं; चिकटलं की दार लावूनही दिवा चालूच. बंद पत्र्याआड जळणारा दिवा बाहेरून कोणाला दिसणार? काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी माझी गत. नाही, तेही खरं नाही. कळसा कुठे आहे हे तिने मला सांगून ठेवलं होतं.

नवं बटण बसवून मी नारूभाईंना दाखवलं. त्यांनी बटण बोटाने दोनदा दाबून बघितलं. "म्हणजे बॅटरी चांगलीच होती," एवढंच म्हणाले.

"मावशीला सांगायला हवं," मी म्हणालो.

"आता सांगून काय?"

तरी मी त्यांच्याच गाडीत बसून खाडीवर गेलो. नारूभाई गाडीपाशी रेंगाळले. मावशी ओट्यावर खुर्चीत बसून सुकटीतला कचरा निवडत होती, काठी भिंतीला टेकवलेली. मी उभ्याउभ्याच सांगितलं: बटण, मीठ, दिवा. "चूक माझी होती, मावशी. तुम्ही बरोबर सांगितलंत आणि मी हसलो."

ती निवडतच राहिली. मान वर न करताच म्हणाली, "त्याला दाखवलंस?"

"हो."

"काय बोलला?"

मी मागे वळून बघितलं. नारूभाई टायरला लाथ मारून हवा बघत होते. मी म्हणालो, "म्हणाले, देवकीचंच खरं होतं."

मावशीने मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं, मासळी शिळी की ताजी ते बघावं तसं. रागाने नाही.

"तुला खोटं बोलता येत नाय, दिपेश," ती म्हणाली. "मलापण येत नव्हतं."