मापं राखणाऱ्याला ठिगळ

मी डेटाबेस बोलतोय. तोंड वाकडं करू नका. नाव परकं असलं तरी काम घरगड्याचं आहे. दिलेलं जपून ठेवायचं आणि मागितलं की काढून द्यायचं. ऑफिसात बसून तुम्ही ज्या प्रोग्रामवर बोटं आपटता, तो नुसता दर्शनी नोकर. गोड हसतो, रंगीत कपडे घालतो. माल सगळा माझ्याकडे असतो आणि मी कुठं असतो याचा कुणाला पत्ता नसतो. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण सांगून उपयोग नाही.

माझा मुक्काम बुटांच्या दुकानात. साधे बूट नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाची बोटं गेलेली, अशा माणसांचे बूट इथं बनतात. पुढं काउंटर आणि दोन खुर्च्या. मागं कातडं कापायचं टेबल आणि लाकडी साच्यांनी भरलेली फळी. कोपऱ्यातल्या टेबलाखाली धुळीनं माखलेला कॉम्प्युटर आहे, त्यात मी. मला कान कुठले, असं विचारू नका. टेबलाखाली राहणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

दुकान ताईचं. वडिलांच्या मागं तिनंच ते उभं ठेवलं. वडील गिऱ्हाइकांची मापं डोक्यात ठेवायचे, त्यामुळं ते गेले आणि मापंही गेली. तेव्हा तिच्या भावानं, ज्याला सगळे धाकटाच म्हणतात, एक प्रोग्राम लिहिला आणि त्याच्या पोटात मला बसवलं. कंपनीनं मला बनवलं खरं, पण माणसांत आणलं ते या दोघांनी. ताई कागदावर पाऊल आखायची, टेपनं घोटा मोजायची आणि तिथूनच आकडे ओरडायची. धाकटा ते माझ्यात भरायचा. अधूनमधून जुंपायची. कानात कातडं कोंबलंयस का, असं ती विचारायची. आधी तोंडातले खिळे काढ आणि मग बोल, असं तो म्हणायचा. मला ते फार आवडायचं.

आता माझी खोड सांगतो. कुणी येऊन 'मी मालक' म्हटलं की परवलीचा शब्द न विचारता मी त्याला आत सोडायचो. कारखान्यातच मला तसं बनवलं होतं. धाकट्याचा प्रोग्रामही त्याच वाटेनं यायचा, त्याला ते सोपं पडलं. पुढं कंपनीला कळलं की या वाटेनं चोरही येतील, आणि तिनं ठिगळ पाठवलं. तुम्ही त्याला पॅच म्हणता. ते लागलं की मी परवलीचा शब्द विचारल्याशिवाय कुणालाच दारात उभं करणार नव्हतो.

धाकटा उत्साही. ताईला न विचारता भर कामाच्या दिवशी सकाळी त्यानं ते लावून टाकलं. झालं. चोर राहिले बाजूला, त्याचाच प्रोग्राम दाराबाहेर अडकला. मी तरी काय करणार? शब्द सांग म्हटलं, तर त्याच्याकडे शब्दच नव्हता.

नेमकी त्याच दिवशी टपालवाल्याची बायको त्याचे बूट घेऊन आली होती. त्याचा डावा पाय आखूड. दुसऱ्या दिवशी लेकीचं लग्न आणि त्या बुटाचा उंच तळ झिजलेला. पाय तिकडं लांब गावी, उंचीचं माप कागदावर नाही, फक्त माझ्या पोटात, आणि बाई दुपारच्या गाडीनं निघायची. ताईनं अंदाजानं तळ चढवला. अंदाज चुकला. लेकीच्या लग्नात बिचारा पाहुण्यांसमोर फेंगडत चालला. नंतर तो येऊन हसत म्हणाला, चालायचंच. पण ताईचं तोंड उतरलं ते उतरलंच.

धाकट्यानं त्याच दिवशी संध्याकाळी ठिगळ काढून मला होता तसा केला. पण ताईनं गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं, की वडिलांनी जन्मभर हातानं सांभाळलं ते तू एका सकाळीत घालवलंस, यापुढं याला हात लावायचा नाही. ती मला हात लावण्याबद्दल बोलत होती. त्याला वाटलं, दुकानाबद्दल. त्यानं किल्ली काउंटरवर ठेवली आणि तो गेला. खुलासा करायला दोघांपैकी कुणाचं तोंड उघडेल तर शपथ. एका बापाची लेकरं, ताठा वाटून घेतलेला.

वर्षं गेली. ताई एका बोटानं स्वतःच आकडे भरू लागली. मी दार सताड उघडं टाकून बसलो होतो. ठिगळाचं कुणी नाव जरी काढलं तरी ती अंगावर धावून जायची. मला आधी वाटायचं, बाई भित्री आहे. मग कळलं, ठिगळ लावायचं तर प्रोग्राम बदलावा लागणार, आणि प्रोग्राम बदलायचा तर धाकट्याला फोन करावा लागणार. भीती त्या फोनची होती.

आणि मग शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे चोरी झाली. दार फुटलं नाही, कुलूप तुटलं नाही. सकाळी कॉम्प्युटर लावला, तर सगळ्या रुग्णांच्या नोंदी कुलूपबंद आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. बाई जिन्यात बसून रडल्या. आमच्या दोन्ही दुकानांना इंटरनेटची एकच तार. ताईनं त्यांना पाणी दिलं आणि लगेच कॉम्प्युटरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्यानं वरवर पाहिलं आणि सगळ्याला ताजी ठिगळं लागलेली आहेत म्हणून सांगितलं. माझं नाव त्याच्या यादीत येणार कुठून? मी प्रोग्रामच्या पोटातून आलेला. पण माणूस चिकट होता. खणता खणता माझ्यापर्यंत पोचला आणि कपाळाला हात लावून बसला.

"ताई, हा म्हातारा कधीपासून असा उघडा बसलाय? शेजारी आलेला चोर इथं चालत येईल."

"मग लाव ते तुझं ठिगळ."

"लावतो. पण तुमचा प्रोग्राम बंद पडेल. कुणी लिहिलाय?"

"होता एक जण."

"होता की आहे?"

ताई कातडं कापायला लागली. तो म्हणाला, असेल तर त्यालाच बोलवा, मी दुसऱ्याच्या लिहिण्यात हात घालत नाही. जाताना त्यानं इंटरनेटची तार उपटली आणि भाऊ येईपर्यंत लावायची नाही असं बजावलं. भाऊ हे त्यानं कशावरून ओळखलं, देव जाणे.

ताई पडद्यावर एकेक माप बघत गेली. इतक्या माणसांची पावलं होती माझ्यात. काही जण आता इतके थकलेले, की पुन्हा येऊन माप देणं त्यांना जमणार नव्हतं. मग तिनं फोन उचलला.

"मी बोलतेय."

"मी कोण?"

"किती मी आहेत रे तुला?"

पलीकडचा आवाज एकदम हळू झाला. मग तो काहीतरी बोलला असावा, कारण ताई म्हणाली, "जेवूनच जा, आल्यावर." एवढंच. क्षमा नाही, आसवं नाहीत. असल्या घरात एवढंच बोलतात.

तो सुट्टीच्या दिवशी आला. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. या खेपेला त्यानं मला हात लावला नाही. आधी माझी नक्कल काढून स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवली आणि प्रयोग त्या नकलेवर केले. ती बिचारी दोनदा मेली. मग त्यानं प्रोग्रामला त्याचा स्वतःचा परवलीचा शब्द दिला, आणि मालकाच्या खोलीत नव्हे, फक्त मापांच्या खोलीत शिरायची मुभा दिली. सगळं जमल्यावर तो ताईकडे वळला.

"लावू का आता?"

"विचारतोयस?"

"हो, विचारतोय."

"लाव."

ठिगळ बसताना दुखत नाही. थोडा वेळ शुद्ध जाते, इतकंच. जागा झालो तर प्रोग्राम दारात उभा. शब्द विचारला. त्यानं बरोबर सांगितला. आत घेतलं.

नवं माप भरून बघायचं होतं. गिऱ्हाईक नव्हतं. ताई म्हणाली, बूट काढ. धाकटा कागदावर उभा राहिला आणि ती गुडघ्यांवर बसून त्याच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवू लागली.

"डावं पाऊल पसरलंय तुझं. चुकीचे बूट घालतोस."

"घालून देणारं कुणी नव्हतं."

पेन्सिल थांबली, मग पुढं सरकली. तिनं आकडे सांगितले, हळू आवाजात. त्यानं ते माझ्यात भरले. आजवर इतकी पावलं ठेवली, पण हे ठेवताना मी जरा जास्त जपलं.

निघताना धाकट्यानं सांगितलं, की हे शेवटचं ठिगळ. कंपनीनं माझ्यासाठी ठिगळं शिवणं थांबवलंय. पुढची फट सापडली तर बुजवायला कुणी नाही. नवा डेटाबेस आणून सगळी मापं त्यात हलवावी लागतील. ताईनं विचारलं, किती दिवस लागतील. मनात आणलं तर एका दिवसाचं काम, तो म्हणाला. मग काउंटरवर बोटं फिरवत म्हणाला, एकेक माप तपासून हलवलं तर बरेच महिने.

"तपासूनच हलव," ताई म्हणाली.

तेव्हापासून तो दर सुट्टीला येतो. थोडी पावलं माझ्यातून काढतो, ताई ती कागदावर आखलेल्या जुन्या पावलांशी ताडून बघते, दोघं भांडतात, जेवतात, तो जातो. मी हलका होत चाललोय. रिकामा झालो की मला पुसून टाकतील. तसाच नियम आहे आणि तो योग्यही आहे. म्हाताऱ्याला उघडं ठेवण्यापेक्षा पुसलेलं बरं.

तुमच्याही ऑफिसात माझा एखादा भाऊबंद बसला असेल. त्याचा एकदा शोध घ्या, त्याला ठिगळ लावा, आणि लावण्याआधी घरातल्यांना विचारा. माझ्यापुरतं म्हणाल, तर धाकट्याला कुणी घाई करू नका. अजून पुष्कळ पावलं उरलीत.